वऱ्हाड माघारी येते तेव्हा

'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण शेतकऱ्याच्या तोंडची खरी. परंतु तिचा कठोर प्रत्यय शेतकऱ्याइतकाच नटालाही येतो. धान्य मुके असते. परगावच्या बाजारात त्याला काय भाव आला, हे ते घरी येऊन सांगत नाही, आणि घरच्यांनी त्याचे मोल कमी केले तर त्याला दुःखही होत नाही. नटाची गोष्ट निराळी. देशोदेशी टाळ्या घेऊन आलेला नट जेव्हा आपल्या मुलखातील मांडवात उभा राहतो, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी त्याला अनवाणी शाळेत जाताना पाहिलेले असते. नाटकमंडळी घेऊन आलेल्या नटाला थोडासा तरी आडोसा असतो. नायिका असते, पेटी-तबला असतो, रंगवलेला पडदा असतो आणि एखादा प्रवेश पडलाच तर दोष वाटून घेता येतो. एकपात्री प्रयोग करणाऱ्याला हा आडोसा नाही. त्यातून प्रयोगाचा विषयच जर त्याचा स्वतःचा मुलूख, तेथील माणसे आणि तेथील बोली असेल, तर समोरचे लोक केवळ प्रेक्षक राहत नाहीत. ते साक्षीदार होतात.

मराठी रंगभूमीवर 'एकपात्री' हा शब्द विसाव्या शतकात रुळला, पण वस्तू फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यापुरते पाहावयाचे झाले तर तिचा माग काढण्यास तेर आणि तुळजापूर ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत.

तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस ते प्राचीन 'तगर' म्हणून परिचित आहे. ग्रीक प्रवासवर्णनांतून त्या व्यापारी पेठेचा उल्लेख येतो. वारकऱ्यांना मात्र ते गोरोबाकाकांचे तेर म्हणून ठाऊक. संत गोरा कुंभारांची समाधी तेथे आहे आणि चैत्र वद्य पक्षात तेथे यात्रा भरते. गोरोबाकाकांचे आख्यान महाराष्ट्रात शेकडो कीर्तनकारांनी सांगितले असेल. चिखल तुडविता तुडविता नामस्मरणात तल्लीन झालेला कुंभार, पायाखाली आलेले तान्हे मूल, मातेचा आक्रोश, पुढे हातांचा त्याग आणि पंढरपुरी कीर्तनात त्या हातांचे परत फुटणे, हा सारा प्रसंग नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात एकटा माणूस उभा करतो. खांद्यावरचे उपरणे डोक्यावर घेतले की तो माता होतो, कमरेला बांधले की कुंभार होतो. मागे साथ असते, परंतु पात्रे सारी त्या एका देहात. एकपात्री प्रयोगाची व्याख्या याहून वेगळी काय करावयाची?

तेच आख्यान तेरमध्ये लावताना कीर्तनकाराची पंचाईत होते. मुंबईच्या एखाद्या सभागृहात 'थापटणे' म्हणजे काय हे आधी सांगावे लागते. ओल्या मडक्याला आकार देण्यासाठी कुंभार ज्या लाकडी साधनाने हळूहळू थोपटतो ते, असा खुलासा केल्याशिवाय संतांच्या मस्तकांची परीक्षा घेण्याचा प्रसंग श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तेरमध्ये खुलाशाची गरज नाही. तेथे उलट भीती असते. चिखलात लीद आणि राख कालवून तो पायांनी कसा मळतात, टाच कुठे पडते, अंगठा कुठे दाबतो, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांच्यापुढे कीर्तनकाराला ते पाय उचलून दाखवावयाचे असतात. पाय चुकला तर शब्द कितीही रसाळ असोत, मागच्या रांगेतला म्हातारा कुंभार शेजाऱ्याकडे पाहून नुसता हसतो. विद्वत्तेने ही उणीव भरून निघत नाही.

तुळजापूरची तऱ्हा वेगळी. तुळजाभवानी ही महाराष्ट्रातील असंख्य कुळांची कुलस्वामिनी; लग्नकार्य पार पडले की घरी गोंधळ घालण्याची चाल. संबळ, तुणतुणे, पेटती दिवटी आणि गळ्यात कवड्यांची माळ घालून उभा असलेला गोंधळी गावोगावच्या देवांना नावे घेऊन बोलावतो आणि मग आख्यान लावतो. साथीदार हुंकार देतो, मधूनच खोडकर प्रश्न विचारतो. पण राजा, राणी, राक्षस आणि दासी ही सारी पात्रे मुख्य गोंधळ्यालाच वठवावी लागतात. परगावी गोंधळ घालताना देवीला लांबून बोलवावयाचे असते, म्हणून स्वर चढा लागतो. तुळजापुरात ती दगडी पायऱ्या उतरून खाली गेले की समोरच आहे. इतक्या जवळच्या देवतेला कोणत्या स्वरात हाक मारावी, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु परमुलखातून घरी परतणाऱ्या प्रत्येक कलावंताचा प्रश्न नेमका हाच असतो. दूरच्यांसाठी कमावलेला चढा आवाज जवळच्यांच्या कानाला बोचतो.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर जिल्ह्याचा राजकीय इतिहास ठेवून पाहिला पाहिजे. त्याशिवाय पुढील हकीकतीचे मर्म ध्यानी यावयाचे नाही. १७२४ पासून १९४८ पर्यंत हा प्रदेश बहुतेक काळ आसफजाही सत्तेखाली, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते, पुढे ते धाराशिवास आले, आणि गाव व जिल्हा यांना अखेरचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून 'उस्मानाबाद' हे नाव पडले. ते २०२३ साली अधिकृतरीत्या पुन्हा 'धाराशिव' झाले. निजामी अमलाच्या उत्तरकाळात कारभाराची भाषा उर्दू. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी म्हणजे 'अव्वल तालुकदार'. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतूनच. जाहीर सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण त्रेपन्न' या हुकुमान्वये परवानगी घ्यावी लागे. त्या दिवसांत हिप्परग्यासारख्या आडगावच्या राष्ट्रीय शाळेने स्वभाषेतील शिक्षण जिद्दीने चालविले, हे मराठवाड्याच्या इतिहासातील एक तेजस्वी पान होय.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. लंडन शहरी 'महाराष्ट्र मंडळ' स्थापन झाले ते १९३२ साली. म्हणजे टेम्स नदीच्या काठी मराठी माणसे एकत्र जमून मराठी बोलू शकत होती, त्याच काळात तेरणेच्या काठच्या मराठी माणसाला सभा भरविण्यासाठी परवान्याचा कागद मिळवावा लागत होता! कीर्तनाला आणि गोंधळाला मात्र धर्मकृत्य म्हणून वाट मिळत राहिली. जिल्ह्यातील बोलीचा नाट्यमय वापर जर कोठे अखंड टिकला असेल तर तो या एकट्या उभ्या राहणाऱ्या माणसांच्या तोंडी.

तरीही ही बोली स्वातंत्र्यानंतर पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर पोचली ती बहुधा गड्याच्या किंवा गावंढळ पाहुण्याच्या तोंडातून. तो आत आला, 'काय करायलास?' म्हणाला की प्रेक्षागृहात हशा. धाराशिव, लातूर, नांदेड या बाजूला 'काय करतो आहेस' याला 'काय करायलास' म्हणतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याने आयुष्यभर आपल्या आईच्या तोंडून हे ऐकले, त्याला तो हशा कसा लागत असेल, याचा विचार मात्र नाटके लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

अशा स्थितीत १९७९ साली औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला. (येथे वऱ्हाड म्हणजे लग्नाचे, विदर्भातील वऱ्हाड प्रांताशी त्याचा काही संबंध नाही.) देशपांडे यांचा जन्म १९४३ चा; मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते प्राध्यापक होते आणि पुढे विभागप्रमुख झाले. मराठवाड्यातील एका खेड्यातील मंडळी लग्नासाठी विमानाने लंडनला जावयास निघतात, एवढेच काय ते कथानक. त्यांची लगबग, रुसवेफुगवे, विमानातील फजिती, हे सारे सुमारे तीन तास एकटा माणूस सादर करी, आणि त्यात एकूण ५२ पात्रे उभी राहत.

एवढी पात्रे एका देहात कशी वेगळी राहतात, हे समजून घेण्यासारखे आहे. वेषांतराला वेळ नसतो. खांद्यावरचे एक वस्त्र तेवढे हाताशी. प्रत्येक पात्राला एक आवाज, एक बसण्याची किंवा चालण्याची लकब आणि मुख्य म्हणजे एक नजर द्यावी लागते. म्हातारा मुलाशी बोलतो तेव्हा नजर खाली जाते. मूल उत्तर देते तेव्हा तीच नजर वर चढते. दोन पात्रांच्या उंचीत जे अंतर एकदा ठरले ते अखेरपर्यंत तेवढेच राहावे लागते. डावीकडे बसविलेला पाहुणा दहा मिनिटांनी उजवीकडे सापडला तर सारा डोलारा कोसळतो. रंगमंचावर प्रत्यक्षात कोणी नसते, पण प्रेक्षकाच्या मनात तेथे माणसांची दाटी झालेली असते, आणि त्या दाटीतून वाट काढीत नटाला चालावे लागते.

एकट्याने रंगमंच भरून टाकण्याचा पराक्रम त्यापूर्वी पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'च्या रूपाने करून दाखविला होता. त्यांचा जन्म मुंबईचा, चाळ मुंबईची आणि पहिला प्रेक्षकही बहुतेक चाळींतूनच आलेला. तेथे घर आणि रंगमंदिर यांच्यात ट्रामच्या दोनचार मुक्कामांचेच अंतर होते. शिवाय चाळीची भाषा ही वर्तमानपत्रांच्या व क्रमिक पुस्तकांच्या भाषेची सख्खी बहीण. लक्ष्मण देशपांडे यांच्या वऱ्हाडाला मात्र खेडे ते शहर, मराठवाडा ते पुणे-मुंबई आणि मग सातासमुद्रापार, अशी तिहेरी वेस ओलांडावयाची होती.

वऱ्हाडाने ती ओलांडली. महाराष्ट्रभर प्रयोग झाले, परदेशांतील मराठी मंडळांनी त्यांना आमंत्रणे दिली, गिनीज बुकात नोंद झाली. लंडनला निघालेले कल्पनेतले वऱ्हाड नटाच्या रूपाने खरोखरच परदेशी पोचले. परदेशस्थ मराठी कुटुंबांना त्यात आपण मागे सोडून आलेले घर दिसले, हे स्वाभाविकच आहे. वर्षानुवर्षे ज्या बोलीला मुलांपुढे उच्चारावयाचाही संकोच वाटे, ती ऐकण्यासाठी तिकीट काढून लोक येत होते. परंतु परदेशातील प्रेक्षक क्षमाशील असतो. त्याची घरची आठवण जुनी झालेली असते, आणि जुन्या आठवणीला अचूकपणाची फारशी चाड नसते.

कसोटी माघारी आल्यावर लागते. हेच कोडे परकीयांच्या इतिहासातही आढळते. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने १८५८ पासून स्वतःच्या कादंबऱ्यांतील प्रसंगांची पैसे घेऊन जाहीर वाचने सुरू केली. नाव वाचनाचे, वस्तुतः तो एकपात्री अभिनयच होता. १८६७-६८ मध्ये त्याने अमेरिकेचा दौरा केला आणि १५ मार्च १८७० रोजी लंडनला अखेरचे वाचन करून रंगमंचाचा निरोप घेतला; पुढे तीन महिन्यांतच त्याचा अंत झाला. त्याचे बालपण ज्या चॅटॅम गावी गेले तेथील संस्थेच्या साह्यार्थही त्याने वाचने केली. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना त्याची पात्रे कल्पनेतली वाटली असतील. चॅटॅमच्या गल्ल्यांतून त्या पात्रांचे नातलग हिंडत होते.

मराठवाड्यातील गोष्टही अशीच. 'वऱ्हाडा'तील हशा नेमका कोणावर आहे? खेडुतांच्या अडाणीपणावर, की त्यांना अडाणी ठरविणाऱ्या विमानावर आणि शिष्टाचारावर? पुण्याच्या नाट्यगृहात बसून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण तेथे दोन्ही प्रकारचे हसू एकाच आवाजात मिसळून जाते. उत्तर मिळते ते जेथून वऱ्हाड निघाले त्या मुलखात. तेथील माणूस स्वतःवर हसतो की गप्प बसतो, यावर सारे अवलंबून. देशपांडे यांचा प्रयोग मराठवाड्याने डोक्यावर घेतला, हे सर्वश्रुत आहे, आणि त्याचे कारण पात्रांच्या घडणीत सापडते. ती माणसे गोंधळलेली असली तरी कोणापुढे लाचार नाहीत. विमान कसे असते हे त्यांना ठाऊक नाही, पण पाहुण्याचा मान कसा राखावा हे पक्के ठाऊक आहे. आपली बोली ती जगाच्या पाठीवर कोठेही तितक्याच मोकळेपणाने बोलतात. लंडनला जावयाचे म्हणून ती बदलून घ्यावी असे त्यांच्या मनातही येत नाही. गड्याच्या भूमिकेत दोन वाक्यांपुरती आत येणारी बोली येथे तीन तास रंगमंचाची धनीण झाली होती. विनोदाची काही स्थळे आज जरा भडक वाटतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु धनीपणाचा मुद्दा त्याने बाधित होत नाही.

मराठवाडा म्हणजे एकजिनसी मुलूख नव्हे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. औरंगाबाद-जालन्याकडील बोली निराळी, धाराशिवकडील निराळी. उमरगा-नळदुर्गच्या बाजूस कानडीचा शेजार, तुळजापूरकडून सोलापूरची ये-जा, शिवाय उर्दू कारभाराचा कानावरचा संस्कार. त्यामुळे मराठवाड्याचा म्हणून आलेला नट धाराशिवात पुरता घरचा ठरत नाही; तो फार तर चुलत घरचा. घर जितके जवळ येते तितकी त्याची हद्द आकसत जाते. लंडनच्या माणसाला सारा मराठवाडा एक. गावच्या माणसाला वेशीपलीकडची आळीही वेगळी.

पुढे या मुलखावर एक असा आघात झाला की, 'घर' या शब्दाचाच अर्थ हलला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र संपत असताना पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सास्तूर आणि लोहारा-उमरग्याच्या परिसरातील घरांनी हजारो माणसे गाडली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही घरांची जुनी रीत. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. अनेक गावांचे नंतर नव्या जागी, आखीव रस्त्यांच्या वसाहतींत पुनर्वसन झाले. जुन्या गावठाणांत ढिगारे आणि बाभळी उरल्या.

जुन्या खेड्यावर रचलेला प्रयोग अशा प्रदेशात घेऊन जाणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. नट रंगमंचावर वाड्याचा सोपा दाखवितो, वाकून उंबरा ओलांडतो, माळवदावर वाळवण घालणाऱ्या बाईला खालून हाक मारतो. पुण्यात या हाकेला हशा मिळतो. येथे समोर बसलेल्यांपैकी कोणाची तरी आई त्या माळवदाखाली गेलेली असते. एकट्या नटाला त्या क्षणी सहनटाच्या आड लपता येत नाही, पडदा पाडता येत नाही. हाक मारून झालेली असते. उत्तर येण्याची जागा रिकामी ठेवून त्याला पुढचे वाक्य बोलावयाचे असते.

एकपात्री प्रयोगाचे घराशी असलेले नाते गंभीर विषयातही दिसून आले. १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' हा प्रयोग उभा केला आणि शहरांइतकाच तो खेड्यापाड्यांतही नेला. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावचा. त्यांची कर्मभूमी पुणे. ग्रंथांतून आणि जयंतीच्या भाषणांतून शुद्ध भाषेत बंदिस्त झालेली ही स्त्री एका नटीच्या मुखाने 'व्हय' म्हणत पुन्हा गावात आली. दशकापूर्वी जी बोली हसवून रंगमंचावर स्थिरावली होती, तिच्यासारख्याच गावाकडच्या बोलीतून आता शाळेच्या वाटेवर अंगावर झेललेल्या शेणाची हकीकत सांगता येत होती.

लक्ष्मण देशपांडे २००९ साली वारले. स्वतःच्या देहावर उभारलेला प्रयोग देहाबरोबरच जावयाचा, अशी या प्रकाराची रीत. संहिता छापली तरी ती म्हणजे सुकलेले ओढ्याचे पात्र. 'वऱ्हाडा'च्या बाबतीत तसे झाले नाही. मूळच्या बीड जिल्ह्यातील माजलगावचे नट संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला आणि देशात व परदेशांत केला. एकाच्या आठवणींचा खेळ दुसऱ्याने वारशाने घेतला, म्हणजे मूळच्या खाजगी वस्तूचे आख्यान झाले. कीर्तनकाराने गुरूकडून आख्यान उचलावे, त्यात आपली टाच आणि आपली नजर घालावी, तसेच हे.

एप्रिल २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ९७ वे अधिवेशन उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले. ज्येष्ठ नट जयंत सावरकर अध्यक्ष होते. ज्या गावात एके काळी सभा भरविण्यास परवाना लागे तेथे मराठी रंगभूमी आपल्या साऱ्या लवाजम्यानिशी आली, ही गोष्ट जुन्या पिढीला अप्रूपाची वाटली असल्यास नवल नाही. लवाजमा तीन दिवसांनी परतला. तेरच्या यात्रेतील कीर्तनकार आणि तुळजापूरचा गोंधळी मात्र आपापल्या जागी आहेत.

लोहारा-उमरग्याच्या नव्या वसाहतींत जन्मलेली मुले आता संसाराला लागली आहेत. त्यांची घरे सपाट छताची आणि रस्ते सरळ. त्यांच्यापुढे जुन्या गावाचा खेळ करावयाचा तर माळवद म्हणजे काय, हे मुंबईच्या प्रेक्षकाप्रमाणे त्यांनाही आधी सांगावे लागते. आणि ते सांगत असताना मागच्या रांगेत बसलेली म्हातारी माणसे खाली पाहतात.